‘बोरिस गोदुनोव’ नव्याने ऐकणाऱ्यांसाठी

रशियन संगीतकार मुसोर्गस्कीच्या या ऑपेराची कुठली आवृत्ती आधी ऐकावी? माझं ठाम मत: १८६९ची. सात प्रवेश, मध्ये प्रेमकथा नाही, सगळा भार झार बोरिसच्या मनातल्या, राजपुत्राच्या खुनाच्या अपराधावर. सरकारी नाट्यगृहांनी ती १८७१ साली नाकारली, कारण त्यात नायिकेची मोठी भूमिकाच नव्हती. मग १८७२च्या आवृत्तीत पोलंडचा अंक आणि मारिना ही पोलिश नायिका आली. पण तो अंक तूर्त बाजूला ठेवा.

खरी तुलना करायची ती राजवाड्यातल्या प्रवेशाची. दोन्ही आवृत्त्यांची रेकॉर्डिंग्ज लागोपाठ लावा. जुन्यात बोरिसचं गाणं बोलण्याच्या जवळ जातं, रुक्ष वाटेल इतकं. नव्यात सूर भरून येतो, मुलांची गाणी येतात आणि शेवटी घड्याळाचे टोले पडू लागतात. त्या टोल्यांत बोरिसला तो मेलेला राजपुत्र दिसतो. ती जागा ऐकताना अजूनही अंगावर काटा येतो!

दुसरी जागा भोळ्या ‘युरोदिवी’ची, म्हणजे रशियातल्या ‘देववेड्या’ फकिराची. १८६९मध्ये तो चर्चसमोर झारला तोंडावर सांगतो, की हेरोद राजासाठी (बायबलमधला बालकांची हत्या करवणारा राजा) प्रार्थना करता येत नाही. नंतर तो प्रवेशच गेला आणि त्याचा विलाप क्रोमी गावाजवळच्या जंगलातल्या प्रवेशात, अगदी शेवटी आला. काही दिग्दर्शक दोन्ही प्रवेश ठेवतात, त्यामुळे विलाप दोनदा ऐकू आला तर गोंधळू नका.

एक जरूर बघा: रेकॉर्डिंगवर रिम्स्की-कोर्साकोव्ह या दुसऱ्या रशियन संगीतकाराचं नाव असेल, तर वाद्यमेळाची रचना त्याची आहे. ती झगझगीत आहे, पण मुसोर्गस्कीचा खडबडीतपणा त्यात घासून गुळगुळीत झालाय. ते नंतर ऐका.