ऐंशीचं दशक : टायसनला वर नेऊ नका

नमस्कार. ऐंशीच्या दशकातल्या थोर बॉक्सरांची तुमची यादी वाचली. टायसनला पाचवा ठेवलात म्हणून निपाणीच्या तालमीतली पोरं तुटून पडलीत, आता क्रम बदलावा का, असं विचारलंय. अजिबात बदलू नका.

खानापूरकडच्या एका मंडळाच्या स्मरणिकेसाठी मी अशीच यादी दिली होती. हॅगलर पहिला, लेनर्ड दुसरा. छापून आली तेव्हा टायसन पहिला, हॅगलर सहावा आणि खाली नाव माझं! विचारायला गेलो तर म्हणाले, "लोकांना टायसनच माहीत आहे की हो." दुरुस्ती छापतो म्हणाले, ती कधीच आली नाही. ज्या वस्तादांबरोबर बसून या लढती बघितल्या, त्यांनीच विचारलं, "हे तू लिहिलंस?" ते अजून सलतं. म्हणून सांगतो, नुसती नावं आणि क्रमांक कुणाच्या हाती देऊ नका. 'अमक्याच्या खाली, कारण...' असं एकात एक गुंतवून लिहा आणि छापण्याआधी प्रूफ हट्टानं मागा.

आपल्या भागात कुस्तीची नजर. चितपट झाली तरच कुस्ती, त्यामुळे नॉकआऊटवाला मोठा वाटतो. पण टायसननं हेवीवेटचा, म्हणजे सगळ्यात वरच्या वजनगटाचा, किताब घेतला नोव्हेंबर 1986 मध्ये, म्हणजे दशक बरंच सरल्यावर. 1988 ला त्यानं स्पिंक्सला 91 सेकंदांत झोपवलं, पण स्पिंक्स मूळचा लाइट हेवीवेटचा, म्हणजे खालच्या वजनगटातला. त्याच वर्षी टायसननं हरवलेला माजी विजेता होम्स तर तेव्हा अडतीस वर्षांचा होता.

हॅगलरनं सप्टेंबर 1980 ला लंडनमध्ये तेव्हाच्या विजेत्या मिंटरला तीन राउंडांत संपवलं आणि 1987 पर्यंत मिडलवेटचा (मधल्या वजनगटाचा) किताब बारा वेळा राखला. 1985 ची हर्न्सबरोबरची लढत बघा, तीनच राउंड, पण पुरी बघा, तुकडे नकोत. लेनर्डनं दुरान, हर्न्स, हॅगलर तिघांनाही हरवलं हे खरं. पण डोळ्याच्या पडद्याच्या दुखापतीमुळे फेब्रुवारी 1982 नंतर एप्रिल 1987 पर्यंत तो एकदाच लढला. हॅगलरशी लढताना पंधराऐवजी बारा राउंडांची अट त्याचीच, आणि पंचांतही एकमत नव्हतं. एकानं 118-110 गुण लेनर्डला दिले, दुसऱ्यानं 115-113 त्यालाच, तिसऱ्यानं 115-113 हॅगलरला. ते 118-110 मला आजही पटत नाही. ती लढत आवाज बंद करून बघा, समालोचन कान भरतं.

हे माझं मत, लेनर्डला पहिला मानणारे जाणकार पुष्कळ आहेत आणि त्यांच्याशी माझं भांडण नाही. चावेझ तिसरा, 1984 ला किताब घेतल्यापासून दशक संपेपर्यंत एकदाही हरला नाही. सांचेझला मात्र तुम्ही विसरलात. गोमेझ आणि नेल्सन दोघांनाही थांबवणारा हा पोरगा ऑगस्ट 1982 मध्ये अपघातात गेला, वय तेवीस. वर्षं कमी पडली म्हणून त्याला यादीबाहेर ठेवू नका, चौथा घाला. टायसन त्याच्याखाली पाचवाच राहू दे.