ग्रामसभेचा ठराव म्हणजे घरोघरची संमती नव्हे

प्रश्न : आमच्या गावात मधुमेहाच्या अभ्यासासाठी रक्त घ्यायला एक संस्था येणार आहे. पैसा परदेशी विद्यापीठाचा आहे आणि काही नमुनेही तिकडे जाणार आहेत. ‘ग्रामसभेचा ठराव द्या, म्हणजे दारोदार सह्या घेत फिरायला नको,’ असं त्यांचा माणूस म्हणतो. ठराव द्यावा का?
(ग्रामपंचायत सदस्य, खटाव तालुका, जि. सातारा)

उत्तर : ठराव द्या, पण त्यात एक ओळ घाला : ‘हा ठराव कोणाही व्यक्तीची संमती समजू नये.’ आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही हेच आहे. गावाची परवानगी वेशीतून आत येण्यापुरती असते. सुई ज्याच्या दंडाला टोचायची, संमती त्याचीच हवी. नवऱ्याने बायकोसाठी किंवा सासूने सुनेसाठी केलेली सही चालत नाही.

मराठी माहितीपत्रक आदल्या दिवशीच घरी येऊ द्या, म्हणजे रात्री चार माणसांत बोलता येतं. रक्त किती आणि किती वेळा घेणार (५ मिली म्हणजे साधारण चहाचा एक चमचा), नमुना कुठे आणि किती वर्षं ठेवणार, साखर जास्त निघाली तर कळवणार कोण, पुढचे उपचार कुठे, हे त्यात बोट ठेवून शोधा. नीतिसमितीचा (संशोधनात माणसांचे हक्क जपले जातात का ते तपासणाऱ्या समितीचा) फोन नंबर छापलेला नसेल तर पत्रक परत करा. सही झालेल्या संमतीपत्राची प्रत घरात राहिली पाहिजे.

ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी तटस्थ साक्षीदार लागतो. तो संस्थेच्या पगारावरचा नसावा, आणि वाचायला सुरुवात झाल्यापासून अंगठा उमटेपर्यंत तिथेच बसलेला असावा. बिघडतं ते नेमकं इथे. शाळेच्या व्हरांड्यात पन्नास माणसं रांगेत, एकजण पत्रक भराभर वाचतो, दुसरा स्टॅम्पपॅड पुढे सरकवतो आणि साक्षीदाराच्या पन्नास सह्या संध्याकाळी एकदम होतात. त्यात आशाताईंना माणशी पैसे ठरलेले असतील तर आणखी अवघड. बाळंतपणात ज्या ताई रात्री धावून आल्या, त्यांना तोंडावर नाही कोण म्हणणार? लोकांना निरोप ताईंनी द्यावा, संमती मात्र दुसऱ्याने घ्यावी. ‘भाग घेतला नाही तरी प्राथमिक आरोग्य केंद्रातले उपचार बंद होणार नाहीत,’ हे वाक्य प्रत्येकासमोर मोठ्याने वाचायला लावा.

घाईत काय होतं ते आपल्या देशाने पाहिलं आहे. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातलं खम्मम आणि गुजरातमधलं बडोदा इथे १० ते १४ वर्षांच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची एचपीव्ही लस देण्याचा प्रकल्प झाला. सात मुली दगावल्या आणि एप्रिल २०१० मध्ये काम थांबलं. चौकशीत मृत्यूंचा लसीशी संबंध आढळला नाही. पण आईबापांच्या जागी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी, मुख्याध्यापकांनी संमतीपत्रांवर सह्या केल्याचं बाहेर आलं, आणि चांगल्या लसीवरचा विश्वासही त्यात गेला.

परदेशी पैसा आहे म्हणजे नीतिसमितीखेरीज आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीचीही मंजुरी लागते. ते पत्र आणि दोन संस्थांमधला नमुना हस्तांतरणाचा करार दाखवायला सांगा. संमतीपत्रात ‘फक्त याच अभ्यासासाठी’ आणि ‘पुढच्या अभ्यासांसाठीही’ असे वेगळे पर्याय असावेत. आणखी एक गोष्ट हमखास विचारायची राहते. नळीवर सांकेतिक क्रमांक असेल तर उद्या ‘माझा नमुना काढून टाका’ म्हणता येतं. नावगावाचा दुवा कायमचा तोडला असेल, तर तो नमुना शोधायचीच सोय उरत नाही.

प्रश्न : आमच्या १३ वर्षांच्या मुलाला नव्या औषधाच्या चाचणीत घ्यायचं विचारताहेत. काही बरंवाईट झालं तर जबाबदार कोण?
(एक आई, मिरज)

उत्तर : आधी चाचणीचा सीटीआरआय क्रमांक मागा. ही औषधचाचण्यांची सरकारी नोंदवही इंटरनेटवर कुणालाही फुकट पाहता येते, आणि पहिला रुग्ण घेण्याआधीच नोंद झालेली असावी लागते. तुमच्या सहीबरोबर मुलाची स्वतःची लेखी अनुमतीही हवी (७ ते १२ वयात ती तोंडी असते). त्याला नको असेल तर त्याचा मान राखा.

औषधचाचण्यांच्या २०१९ च्या नियमांनुसार इजा झाली तर उपचार मोफत. ते गरज असेपर्यंत, किंवा इजेचा चाचणीशी संबंध नाही असं सिद्ध होईपर्यंत, यांतलं जे आधी होईल तोवर चालतात. गंभीर घटना संशोधक डॉक्टरांनी २४ तासांत केंद्रीय औषध नियंत्रक, प्रायोजक (चाचणी करवून घेणारी कंपनी किंवा संस्था) आणि नीतिसमिती अशा तिघांनाही कळवायची असते. म्हणून घरी त्रास झाला तर सकाळची वाट न पाहता फोन करा आणि वेळ लिहून ठेवा. चाचणीमुळे मृत्यू झाल्यास भरपाईचं सूत्र ठरलेलं आहे : ८ लाख गुणिले वयाचा घटक गुणिले जोखमीचा घटक, भागिले ९९.३७. सोळा वर्षांपर्यंत वयाचा घटक २२८.५४ असतो. आजाराची जोखीम मध्यम, म्हणजे घटक २ धरला, तर रक्कम सुमारे ३६ लाख ८० हजार होते. आकडा वाचायला क्रूर वाटतो, पण सही करण्याआधी तो माहीत असणं हा तुमचा हक्क आहे.

प्रश्न : जागतिक महामारी करारामुळे लॉकडाऊनचे हुकूम आता जिनिव्हाहून येणार का?
(शिक्षक, तासगाव)

उत्तर : नाही. २० मे २०२५ ला मंजूर झालेल्या मसुद्यातच लिहिलं आहे की, लॉकडाऊन किंवा लसीकरणाची सक्ती करण्याचा अधिकार जिनिव्हातल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या सचिवालयाला नाही. आपल्याकडे ते अधिकार १८९७ चा साथरोग कायदा आणि २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा यांतून येतात.

खरं भांडण नमुन्यांचं आहे, आणि ते खटावच्या प्रश्नापासून फार लांब नाही. २००७ मध्ये इंडोनेशियाने बर्ड फ्लूचे विषाणू द्यायचं थांबवलं, कारण त्यांच्याच रुग्णांच्या नमुन्यांवरून बनलेली लस त्यांना परवडणार नव्हती. त्यातून २०११ मध्ये इन्फ्लुएन्झापुरती विषाणू आणि लसी यांच्या वाटपाची चौकट ठरली. नव्या करारातही नमुने आणि त्यांतून होणारा फायदा वाटून घेण्याची व्यवस्था आहे : महामारीच्या आणीबाणीत, तीत सहभागी उत्पादकांनी तयार होत असलेल्या लसी-औषधांपैकी २० टक्के संघटनेला द्यावीत आणि त्यातली निम्मी तरी दान म्हणून असावीत, असं लक्ष्य आहे. करार मंजूर झाला तेव्हा त्याचे तपशील पुढच्या परिशिष्टावर सोडले गेले, आणि ६० देशांच्या अनुमोदनाशिवाय करार लागू होत नाही.