अंबाडी, तागाची पिशवी आणि तुरीतली ‘चार झाडं’

या पंधरवड्यात आलेल्या शंकांपैकी चार एकाच झाडाभोवती, म्हणजे गांजाभोवती, फिरणाऱ्या आहेत, म्हणून त्यांची उत्तरं एकत्र देतो. पत्र लिहिणाऱ्यांची नावं आणि गावं मुद्दाम गाळली आहेत.

पहिलं पत्र एका ताईंचं. तुरीच्या कडेने त्यांनी अंबाडीच्या दोन ओळी टाकल्या आहेत. पुण्याहून आलेला भाचा ती पाहून म्हणाला, “मावशी, हा तर गांजा दिसतोय, पोलीस येतील.” तेव्हापासून त्यांची झोप उडाली आहे.

ताई, अंबाडी बिनधास्त ठेवा. भाचा चुकला तरी त्याला हसू नका, हे साम्य त्याच्याआधी वनस्पतिशास्त्रज्ञांच्याही नजरेत आलं होतं. अंबाडीचं शास्त्रीय नावच ‘हिबिस्कस कॅनाबिनस’ आहे, म्हणजे गांजासारखी दिसणारी. इंग्रजीत तिला ‘डेक्कन हेम्प’ असंही म्हणतात. नातं मात्र काहीच नाही. अंबाडी भेंडी-कपाशीच्या कुळातली आहे.

ओळखायचं कसं? एकच झाड बुडापासून शेंड्यापर्यंत नीट बघा. अंबाडीची खालची पानं अखंड, बदामी आकाराची असतात. वर जाल तसं पान फाटत जातं आणि शेंड्याकडे पंजासारखं दिसतं. हा पंजा एकाच पानाचा असतो, बोटं तळव्याला जोडलेली. गांजाचं पान वेगळं असतं. देठाच्या टोकावर पाच, सात किंवा नऊ सुट्या पर्णिका असतात, प्रत्येकीची कड करवतीसारखी. खालच्या बाजूला पानं समोरासमोर जोडीने येतात. अंबाडीत ती एकाआड एक असतात. खोडावरून हात फिरवला की अंबाडीचे बारीक काटे टोचतात, काढणीला गेलेल्या बाईला हे सांगायला नको. आणि फूल आलं की वादच मिटतो: भेंडीसारखं मोठं, फिकट पिवळं, मध्यभागी गडद जांभळं. गांजाच्या फुलाला दिसण्याजोग्या पाकळ्याच नसतात. शेंड्याला चिकट, केसाळ तुरे येतात आणि त्यांचा उग्र वास लांबून येतो. पडीकात उगवणाऱ्या तिळवणीनेही काही जण दचकतात. तिच्या पाच पर्णिका आणि चिकटपणा खरा, पण तिला मुगासारख्या बारीक शेंगा धरतात.

चव घेऊन ओळखू का, असंही ताईंनी विचारलं आहे. स्वतः पेरलेल्या अंबाडीची आंबट पानं कण्यांत घालून खुशाल खा, पण अनोळखी झाड तोंडात घालायचं नाही. आणि ई-पीक पाहणीत तुरीबरोबर अंबाडीचीही नोंद फोटोसकट करून टाका. उद्या कोणी विचारलं तर दाखवायला कागद राहतो.

दुसरी शंका बियाण्याच्या पिशवीची. हिरवळीच्या खतासाठी ताग आणला, पिशवीवर ‘सनहेम्प’ छापलेलं आहे, हे कायद्यात बसतं का? बसतं. ताग म्हणजेच बोरू, शेंगवर्गातलं पीक, साधं लांबट पान आणि पिवळं फूल. ‘हेम्प’ हा शब्द इंग्रजांनी दोर निघणाऱ्या कितीतरी झाडांना चिकटवला. एकरी २० ते २५ किलो पेरा आणि फुलावर येताच, साधारण ४५ ते ५० दिवसांत, गाडा. उशीर केला तर खोड जून होतं आणि कुजायला वेळ घेतं.

तिसरं पत्र निनावी आहे. एक ‘व्यापारी’ बी द्यायला आणि माल उचलायला तयार आहे. तुरीत किंवा अंबाडीत गांजाची चार झाडं लावली तर कोणाला कळणार, आणि भांगेच्या पानाला तर बंदीच नाही ना? दादा, या पिकाचा सल्ला माझ्याकडून मिळणार नाही. पानांची गोष्ट अर्धीच खरी आहे. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात गांजाची जी व्याख्या आहे, तिच्यात तुऱ्यांशिवायची नुसती पानं आणि बी येत नाहीत. पण झाड लावणं हा वेगळा गुन्हा आहे. कलम ८ ने लागवडीलाच मनाई आहे आणि कलम २० प्रमाणे त्याला १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड होऊ शकतो. झाडं चार असोत की चारशे, लागवड ती लागवडच. इंग्रजांच्या काळात नगरकडे परवान्यावर गांजा पिकत होता, हे काही आजोबा सांगतात ते खोटं नाही. तो काळ गेला. उत्तराखंडात धाग्यासाठी परवाने देतात तेही खरं, पण तिथेही नशा आणणाऱ्या घटकाची मर्यादा ०.३ टक्के आहे आणि तो परवाना तिथल्या जमिनीपुरता आहे. आणखी एक गोष्ट बघा. धाड पडते तेव्हा पंचनाम्यात गट नंबर लिहिला जातो, आणि सातबारावर नाव तुमचं असतं, त्या व्यापाऱ्याचं नसतं.

चौथे पत्रलेखक शहरात नोकरीला आहेत, जमीन बटईने दिली आहे. दिवाळीत गेले तेव्हा कपाशीत गांजासारखी पाच-सहा झाडं दिसली. बटईदार म्हणतो, आपोआप उगवली. भाऊ, गप्प बसू नका. कलम ४६ प्रमाणे जमीनधारकाने अशी झाडं दिसताच पोलिसांना ताबडतोब कळवायचं असतं. माहीत असून कळवलं नाही तर तोही गुन्हा ठरतो. सरपंच आणि गावकामगारांवर कलम ४७ ने तशीच जबाबदारी आहे. झाडं रागाने उपटून घरी आणू नका, बांधावर जाळूही नका. ती हातात घेऊन उभं राहिलेल्या माणसाला ‘आपोआप उगवली’ हे पटवून देणं फार अवघड जातं. लेखी अर्ज द्या, पोचेवर शिक्का घ्या, पोलीस पाटलांना कळवा आणि पंचनामा होईपर्यंत त्या सऱ्यांत कोणाला जाऊ देऊ नका. बटईचा व्यवहार तोंडी असेल तर यंदा तो कागदावर आणा आणि कोणतं पीक घ्यायचं ते त्यात लिहून घ्या.

ताई, एक राहिलंच. सालपट काढण्यासाठी अंबाडीच्या पेंढ्या भिजत घालाल तेव्हा गुरांच्या पाण्याचा डोह सोडून दुसरी जागा बघा. दहा-पंधरा दिवसांत ते पाणी काळं पडतं आणि असा वास सुटतो की भाचा पुन्हा काहीतरी शंका काढेल.