मोत्याचा सूर आणि विलायती गाणी

प्रश्न : मुलगा मुंबईहून आला की ओटीवर बीटल्स लावून बसतो. त्यांचं एक गाणं म्हणे कुत्रीच्या नावावर आहे. थापा मारतो काय?
– एक वाचक, देवगड

उत्तर : थापा नाहीत हो. १९६८ सालचं ‘मार्था माय डिअर’. मार्था ही बीटल्समधल्या पॉल मॅकार्टनीची झिपरी कुत्री. नाव तिचं, बाकी शब्द माणसाच्या प्रेमाचे म्हणूनही खपतात. लेड झेपलिन या दुसऱ्या विलायती बँडच्या ‘ब्लॅक डॉग’मध्ये (१९७१) तर कुत्र्याचा उल्लेखसुद्धा नाही! रेकॉर्डिंग चालायचं त्या घराच्या आवारात एक काळं लॅब्रेडॉर भटकायचं, त्याचंच नाव गाण्याला चिकटलं. खरं भुंकणं, छे, विव्हळणं ऐकायचं तर त्याच वर्षीचं पिंक फ्लॉइडचं ‘सीमस’ लावा. आमच्या मोत्याने ते ऐकून खळ्यात असा सूर लावला की शेजारच्या काकू केरसुणी घेऊन आल्या. वामकुक्षीच्या वेळी तेवढं लावू नका.