फ्रान्सच्या खेड्यात दिवस कसा जाणार?

प्रश्न: ताई, मी रिटायर शिक्षक, राहणार गुहागर. लेक-जावई दक्षिण फ्रान्सच्या एका खेड्यात असतात, उन्हाळ्यात बोलावतायत. इथे रोज संध्याकाळी देवळाच्या पारावर मंडळी जमतात, तिकडे भाषा येत नाही मग नुसतं घरातच बसायचं का?

उत्तर: अहो काका, बिनधास्त जा! सकाळी आठवडी बाजार असतो तो दुपारपर्यंत उठतो, म्हणून पिशवी घेऊन लवकर निघा आणि दुकानात शिरताना आधी ‘बोंझूर’, म्हणजे नमस्कार, म्हणायचंच, नाहीतर त्यांना उद्धटपणा वाटतो. दुपारी बरीच दुकानं बंद.

पण खरी मजा पेतांक या गोळे टाकायच्या खेळाची! ला सिओता या तिथल्याच बंदराच्या गावात हा खेळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जन्मला. साडेसहाशे ते आठशे ग्रॅमचा स्टीलचा गोळा ६ ते १० मीटरवरच्या छोट्या गोळीजवळ टाकायचा, पाय जागचे हलवायचे नाहीत, १३ पॉइंट झाले की गेम, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांनाही जमतं आणि भाषा फारशी लागतच नाही. शेजारी उभं राहून बघा, बोलावतील बहुतेक. १४ जुलैला राष्ट्रीय दिन, तेव्हा फटाके, नाचगाणी, कुठे कुठे चौकात सगळ्या गावाचं जेवण, ते चुकवू नका हं. फक्त टुरिस्ट व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, तेवढं बघून तिकीट काढा.