अपडेटनंतर वाय-फाय बंद: दोष राउटरचा की लॅपटॉपचा?

प्रश्न : विंडोज ११ चे अपडेट झाल्यापासून माझ्या लॅपटॉपवर कधी वाय-फाय नेटवर्कची यादीच रिकामी दिसते, तर कधी जोडणी होऊनही ‘इंटरनेट नाही’ असा संदेश येतो. त्याच राउटरवर मोबाइल मात्र व्यवस्थित चालतो. विंडोज नव्याने टाकावे लागेल का?

उत्तर : तशी वेळ बहुधा येणार नाही. मोबाइल चालतो आहे, त्याअर्थी राउटर सुस्थितीत आहे आणि दोष लॅपटॉपमध्येच शोधायला हवा. मात्र तुम्ही सांगितलेली लक्षणे दोन आहेत आणि त्यांची कारणेही वेगळी असू शकतात.

प्रथम लॅपटॉप ‘रीस्टार्ट’ करा. ‘शट डाउन’ करून पुन्हा सुरू करणे म्हणजे तेच, असे अनेकांना वाटते; पण ‘फास्ट स्टार्टअप’ सुरू असेल, तर शट डाउन करताना विंडोजच्या गाभ्याची आणि ड्रायव्हरची (यंत्राचा एखादा भाग चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची) स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते व पुढच्या वेळी तीच पुन्हा वाचली जाते, त्यामुळे बिघाडही जसाच्या तसा परत येतो.

यादी रिकामी दिसत असेल, तर संशय वाय-फाय ड्रायव्हरवर घ्यावा, कारण अपडेटबरोबर तोही बदललेला असू शकतो. स्टार्ट बटणावर उजवी क्लिक करून ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडा, ‘नेटवर्क अ‍ॅडाप्टर्स’मधील वाय-फायच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये जाऊन ‘ड्रायव्हर’ या टॅबवरील ‘रोल बॅक ड्रायव्हर’ निवडा. हे बटण फिकट दिसत असेल, तर परतण्यासाठी जुना ड्रायव्हर शिल्लक नाही असे समजावे आणि लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून आपल्या मॉडेलचा ड्रायव्हर घ्यावा. इंटरनेटच नसताना तो उतरवायचा कसा, ही अडचण रास्त आहे. मोबाइल यूएसबी केबलने जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ (मोबाइलचे इंटरनेट केबलमधून लॅपटॉपला देण्याची सोय) सुरू केले, की वाय-फायशिवायही काम भागते.

जोडणी होऊनही इंटरनेट नसेल, तर सेटिंग्जमध्ये त्या नेटवर्कच्या ‘प्रॉपर्टीज’मधील आयपीव्ही४ पत्ता (नेटवर्कवर लॅपटॉपची ओळख असलेला आकडा) पाहा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ता न मिळाल्याने लॅपटॉपने स्वतःच एक पत्ता घेतला आहे. अशा वेळी ते नेटवर्क ‘फर्गेट’ करून पासवर्डसह पुन्हा जोडावे. पत्ता योग्य असेल, तर व्हीपीएन (इंटरनेटची वाहतूक दुसऱ्या सर्व्हरमार्फत वळवणारे सॉफ्टवेअर) असल्यास बंद करून पाहावे आणि डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधणारी सेवा) स्वयंचलित आहे ना, याची खात्री करावी.

‘नेटवर्क रीसेट’ (नेटवर्कची सर्व सेटिंग्ज मूळ स्थितीत आणणे) हा उपाय पहिल्याच झटक्यात सुचवला जातो, तो मला पटत नाही. त्याने साठवलेली नेटवर्के पासवर्डसह पुसली जातात आणि व्हीपीएनसारखी सॉफ्टवेअर पुन्हा बसवावी लागू शकतात, म्हणून तो सर्वांत शेवटी करावा. त्यानेही भागले नाही, तर ‘अपडेट हिस्टरी’मधून ते अपडेट काढता येते. विंडोजची आवृत्तीच बदलली असेल, तर ‘रिकव्हरी’मधील ‘गो बॅक’ची सोय साधारणपणे १० दिवसच उपलब्ध असते, तेव्हा अपडेट कधी झाले तो दिवस आधी तपासून घ्या.