बॅटरचं नाव शेवटी, आधी समोरचा पिचर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ड्राफ्टकिंग्ज या अमेरिकन फँटसी साइटवर बेसबॉलची लाइनअप लावताना तुम्ही ईआरए (पिचरनं दर नऊ इनिंगमागे दिलेल्या, त्याच्या खात्यावरच्या धावा) पाचाच्या वर गेलेला पिचर शोधता, त्याच्यासमोरच्या टीममधली तीन-चार मोठी नावं उचलता, आणि त्या बॅटरनं त्या पिचरला आधी कसं धुतलंय तेही बघता. तरी बऱ्याच रात्री पैसे पाण्यात. शेवटी तुम्ही असंही विचारलंय की छोट्या आणि मोठ्या स्पर्धांना वेगळी निवड लागते का.

पिचरपासून सुरुवात करता हे उत्तमच. गडबड ईआरएची आहे. ईआरएमध्ये मागच्या फील्डर्सचे हात, नशीब, आणि तो बाहेर गेल्यावर बेसवर उरलेल्यांना रिलीव्हरनं, म्हणजे नंतर आलेल्या पिचरनं, घरी येऊ दिलं की नाही, हे सगळं मिसळलेलं असतं. ब्लेक स्नेलनं 2023 मध्ये 2.25 ईआरएनं साय यंग हा सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार जिंकला, पण त्याच हंगामात त्याचे वॉक (चार वाईट चेंडूंमुळे बॅटरला फुकट मिळालेला पहिला बेस) होते 99, अख्ख्या लीगमध्ये सर्वांत जास्त. नुसता ईआरए बघणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. मी आधी स्ट्राइकआउटची टक्केवारी बघतो. लीगची सरासरी हल्ली 22-23 टक्क्यांच्या आसपास असते. 18 च्या खालचा पिचर म्हणजे बॅटला चेंडू लागणार, आणि चेंडू लागल्याशिवाय तुमच्या बॅटरला हिट मिळायची नाही. मग वॉक, आणि मग ग्राउंडबॉल (जमिनीवरचे फटके) जास्त की फ्लायबॉल (हवेतले). हे सगळं एका आकड्यात हवं असेल तर फॅनग्राफ्स या आकडेवारीच्या साइटवर सिएरा किंवा एक्सएफआयपी बघा, नशीब आणि फील्डिंग वगळून काढलेले ईआरएसारखेच आकडे. ईआरए 5.20 आणि सिएरा 3.80 असेल तर त्या पिचरवर सगळे तुटून पडतात, मी लांब राहतो. उलटं असेल, म्हणजे ईआरए 3.10 आणि सिएरा 4.70, तर तिथे मी हमखास थांबतो, कारण त्याच्यासमोरचे बॅटर फारसं कोणी घेत नाही.

त्या बॅटरचा त्या पिचरसमोरचा जुना हिशोब, म्हणजे ‘सहा पाळ्यांत चार हिट’ वगैरे, सरळ सोडून द्या. सहाच काय, वीस पाळ्यांतूनही काही सिद्ध होत नाही. त्या वीस पाळ्या चार-पाच वर्षांत पसरलेल्या असतात. तेवढ्यात पिचरचा वेग दोन मैलांनी उतरलेला असतो, त्यानं नवा चेंडू शिकलेला असतो, बॅटरनं स्विंग बदललेला असतो.

आता हात. आपण क्रिकेटवर वाढलेली माणसं, त्यामुळे इथे एक सवय आड येते. आपल्या डोक्यात ऑफस्पिनर डावखुऱ्याला त्रास देतो, कारण चेंडू बाहेर जातो. बेसबॉलमध्ये उजव्या पिचरचा स्लायडर (आडवा वळणारा चेंडू) उजव्या बॅटरपासून बाहेर पळतो, लेगस्पिनसारखा. म्हणून इथे सारखा हात पिचरच्या फायद्याचा आणि उलटा हात बॅटरच्या. डावखुऱ्या बॅटरला हा फरक जास्त जाणवतो, कारण लहानपणापासून त्याला डावखुरे पिचर कमीच भेटलेले असतात. म्हणून उजव्या पिचरसमोर डावखुरे बॅटर, ही माझी पहिली चाळणी.

पण इथेच बरेच जण थांबतात, आणि खरी मजा पुढे आहे. तो पिचर उलट्या हाताच्या बॅटरला नक्की काय टाकतो ते बघा. सिंकर (खाली बसणारा वेगवान चेंडू) आणि स्लायडरवर जगणारा उजवा पिचर डावखुऱ्यांसमोर उघडा पडतो, कारण हे दोन्ही चेंडू सारख्या हाताला त्रास देणारे. चेंजअप (फसवा हळू चेंडू) चांगला असेल तर चित्र पालटतं, तो चेंडू उलट्या हाताच्या बॅटरपासूनच दूर जातो. यांकीजचा मारियानो रिवेरा आठवा: उजवा पिचर, पण त्याचा कटर (शेवटी किंचित वळणारा वेगवान चेंडू) डावखुऱ्यांच्या हातात घुसायचा आणि बॅटी मोडायचा, डावखुऱ्यांची त्याच्यासमोर डाळ शिजत नसे. बेसबॉल सावंट या साइटवर कुठल्याही पिचरचं पान उघडा, कोणत्या हाताच्या बॅटरला कुठला चेंडू किती टक्के टाकतो ते फुकटात दिसतं. दोन मिनिटांचं काम आहे. एका हंगामाच्या डाव्या-उजव्या आकड्यांपेक्षा मी यावर जास्त भरवसा ठेवतो, कारण ते आकडे फार थोड्या पाळ्यांचे असतात.

स्विच हिटर दिसला की त्याला डोळे झाकून टीममध्ये घेऊ नका. दोन्ही बाजूंनी खेळतो म्हणजे दोन्ही बाजूंनी सारखा खेळतो असं नाही. सिनसिनाटीचा एली दे ला क्रूझ 2023 मध्ये आला तेव्हा डाव्या पिचरसमोर, म्हणजे उजव्या बाजूनं खेळताना, त्याची बॅट अगदीच थंड होती. आणखी एक बारीकसा मुद्दा: ग्राउंडबॉल काढणाऱ्या पिचरसमोर चेंडू उचलून मारणारे बॅटर बरे. जमिनीवर मारणारे त्याच्या जाळ्यात सापडतात.

बॅटिंग अ‍ॅव्हरेज बघत असाल तर तेही बंद करा. काइल श्वार्बरनं 2023 मध्ये .197 नं बॅटिंग केली. आणि त्याच वर्षी 47 होमरन मारले, 126 वॉक घेतले. ड्राफ्टकिंग्जवर वॉकचे 2 गुण, होमरनचे 10, वर स्वतःची धाव आणि आरबीआयचे (आपल्या फटक्यानं घरी आलेली प्रत्येक धाव) दोन-दोन. म्हणजे बेसवर कोणी नसतानाचा होमरनसुद्धा 14 गुणांचा. अशा खेळात .197 चा अर्थ फारसा राहत नाही.

पुढचा हिशोब मात्र कागदावर करून बघा. हल्ली स्टार्टर सरासरी पाच-सव्वापाच इनिंग टाकतो, म्हणजे साधारण 22 बॅटर. नऊ बॅटरच्या दोन फेऱ्यांचे झाले 18, उरले चार. म्हणजे ज्या कच्च्या पिचरसाठी तुम्ही एवढा खटाटोप केला, तो तिसऱ्यांदा भेटणार फक्त पहिल्या चार बॅटरना. आणि तिसऱ्या फेरीत पिचर सर्वांत जास्त मार खातो. दमलेला असतो, बॅटरनं त्याचं सगळं बघितलेलं असतं. सातव्या-आठव्या क्रमांकाचा बॅटर त्याला दोनदाच बघतो, उरलेल्या पाळ्या बुलपेनसमोर, म्हणजे रिलीव्हरांसमोर. म्हणून स्वस्त मिळतोय म्हणून आठव्या नंबरचा घेण्यापेक्षा त्याच टीममधला, तेवढ्याच सॅलरीचा (साइटनं लावलेल्या किमतीचा), पण त्या दिवशी अचानक दुसऱ्या नंबरवर आलेला पोरगा शोधा. असा एखादा बहुतेक रोज सापडतो. पहिल्या आणि नवव्या क्रमांकात दर मॅचला जवळपास एका पाळीचा फरक पडतो, तो वेगळाच.

बुलपेनकडेही एक नजर हवी. आदल्या दोन दिवसांत मॅच लांबली असेल तर चांगले रिलीव्हर दमून बाहेर बसलेले असतात. 2020 पासून रिलीव्हरला किमान तीन बॅटर खेळवावे लागतात किंवा इनिंग संपवावी लागते, त्यामुळे एका डावखुऱ्यासाठी डावा पिचर आणायचा आणि लगेच काढायचा हे संपलं. तरी काही मॅनेजर डावा रिलीव्हर आला की आपला डावखुरा बॅटर बसवून पिंच हिटर पाठवतात. तुमचा बॅटर दोन पाळ्यांनंतर बाकावर दिसला तर कारण हेच. जो रोज खेळतो, कोणीही टाकत असला तरी खेळतो, तो थोडा महाग असला तरी घ्यावा. ओपनरचंही, म्हणजे फक्त सुरुवातीपुरत्या पिचरचंही, बघा. टॅम्पा बेनं 2018 मध्ये सर्जिओ रोमोला पहिल्या इनिंगपुरतं पाठवून हा प्रकार रूढ केला. यादीत स्टार्टर म्हणून उजवा दिसतो आणि दुसऱ्या इनिंगपासून चार इनिंग डावखुरा टाकतो. तुमचे डावखुरे बॅटर मग फुकट.

मैदानांबद्दल बहुतेकांना माहीत असतंच. डेन्व्हरचं कूर्स फील्ड समुद्रसपाटीपासून सुमारे 1,600 मीटरवर, तिथे चेंडू लांब जातो आणि सॅलरीही तशाच चढतात. यांकी स्टेडियमची उजव्या बाजूची भिंत खांबापाशी 314 फुटांवर, डावखुऱ्यांचे मोठे फटके तिकडेच जातात, त्यांची सोय. सगळं एका आकड्यात हवं असेल तर सट्टेबाजांचा टीम टोटल, म्हणजे टीमच्या अपेक्षित धावा, बघा. पाचाच्या वर असेल तर बाजारानं पिचर, मैदान, हवा सगळं धरलेलं असतं.

आणि एकेक बॅटर वेचू नका, एका टीमचे लागोपाठचे घ्या, यालाच स्टॅक म्हणतात. बेस भरलेले आहेत, बॅटरनं डबल (दोन बेसचा फटका) मारला, तिघेही घरी आले. मारणाऱ्याला डबलचे 5 आणि तीन आरबीआयचे 6, आणि धावणाऱ्या तिघांना दोन-दोन. एका फटक्यात 17, चौघेही तुमचे असतील तर. ड्राफ्टकिंग्जवर एका टीमचे पाच बॅटर चालतात, फॅनड्युएल या दुसऱ्या साइटवर चार. ड्रीम11 ची सवय असलेल्यांसाठी: इथल्या क्लासिक स्पर्धेत कॅप्टन नसतो, त्यामुळे दुप्पट गुणांचा आधार नाही, स्टॅक हाच तुमचा गुणाकार. (भारतातून वाचणाऱ्यांना 2025 च्या कायद्यामुळे पैशांच्या स्पर्धा बंदच आहेत, हे सगळं अमेरिकेत जिथे परवानगी आहे तिथल्यांसाठी.)

चोरीचे बेस (पिचर टाकत असताना रनर पळून गाठतो ते) विसरू नका, एकाचे 5 गुण. 2023 पासून बेस मोठे झाले आणि पिचरला रनर रोखायला एका बॅटरमागे दोनदाच थांबता येतं. एका वर्षात लीगमधल्या चोऱ्या सुमारे 2,500 वरून 3,500 वर गेल्या. हळू डिलिव्हरीचा पिचर आणि कमजोर हाताचा कॅचर अशी जोडी दिसली की पळणारे घ्या.

आता शेवटचा प्रश्न. निम्म्या लोकांना पैसे मिळतात त्या स्पर्धेत मी वरच्या चार क्रमांकांचे, रोज खेळणारे, मोठ्या टोटलच्या दोन-तीन टीममधले बॅटर घेतो. सगळे तेच घेत असले तरी हरकत नाही. हजारो लोकांच्या स्पर्धेत कूर्सचा स्टॅक घेतलात आणि तो चालला, तरी तुमच्यासोबत शेकडो जण वर येतात. तिथे मी तो चांगला ईआरए आणि वाईट सिएरावाला पिचर धरतो आणि त्याच्यासमोरचे पाच जण लावतो. दहातल्या सहा-सात रात्री हे फसतं, म्हणून तिथे रोजच्या पैशातला छोटाच वाटा. लाइनअप जाहीर झाल्यावर एकदा तपासा, पाऊस बघा, आणि उशिराच्या मॅचचे काही बॅटर शक्यतो असू द्या, म्हणजे त्यांच्यातला कोणी ऐनवेळी बाहेर बसला तर कॅलिफोर्नियातली मॅच सुरू होईपर्यंत बदलता येतो.